ताई नावाचा स्क्रू

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मी इकडे ठीक. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच ठेवून द्याल हे माहीत होतं, म्हणून पत्ता खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा.

बातमी अशी की मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतेय.

हसा, हसा. तुमचा भाचाही हसला. आधी हसला आणि मग चिडला. मागच्या महिन्यात दोन दिवस राहायला आला होता. टॉवेल धुवायला टाकतो म्हणून मोरीतला पडदा बाजूला केला, तर मागे मशीन उघडी. पाठीचा पत्रा भिंतीला टेकवलेला, वायरी लोंबतायत. चौदा महिने मी त्याला फोनवर सांगत होते, "चालू आहे रे, छान चालू आहे." रोज हाताने कपडे पिळून सुजलेल्या माझ्या मनगटांकडे बघून त्याला काय कळायचं ते कळलं. तिथेच उभा राहून त्याने फोनवरून नवी मशीन मागवली. २४ तारखेला, शनिवारी येणार. नवी आणणारे लोकच जुनी घेऊन जाणार. "आई, वाद नको," म्हणाला. बापाचा आवाज आहे त्याला, पण बापाचा विनोद नाही.

तो गेला आणि मी मशीनसमोर पाट टाकून बसले. म्हटलं, शनिवार यायच्या आत हिला उभी करायची.

वाचनालयात गेले. घरगुती विजेच्या उपकरणांवर एक जाडजूड पुस्तक आहे. काउंटरवरची मुलगी म्हणते, "आजी, हे चुकून घेतलंत का?" मी म्हटलं, "चुकून नाही गं, मशीन उघडून बसलेय." तिने पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकाऐवजी तीन आठवड्यांचा शिक्का मारला.

तुम्हाला माहीतच आहे, माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं ह्यांनी छापखान्यातून आणलेल्या रद्द फर्म्यांवर, म्हणजे पुस्तकांच्या वाया गेलेल्या छापील पानांवर. पान सतरा ते बत्तीस एवढंच हातात यायचं. सुरुवात नाही, शेवट नाही. पण मधलं वाचून मागचं-पुढचं ओळखायची सवय लागली, ती आता उपयोगी पडतेय. मशीनही मधूनच हातात आलीय.

वन्सं, काय मजा येते म्हणून सांगू! ह्या मशीनमध्ये किती थोडं असतं! बावीस वर्षं मला वाटायचं आत काहीतरी अगाध आहे. धुवायच्या बाजूला एक मोटर, एक पट्टा, दोन चाकं, एक घड्याळ, एक पाणी जायची नळी, आणि शेजारी सुकवायचा टब. संपलं. कपॅसिटर नावाचा एक डबा असतो, तो प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतो. हात लावायच्या आधी त्याला रिकामा करावा लागतो. वाचताना मला तुमची आठवण आली. रागावू नका.

खात्री करायला एका मेकॅनिकला बोलावलं. तो वाकून बघतो आणि म्हणतो, "बाई, हिची पुली कुठंय?"

"असेल कुठेतरी."

"असेल म्हणजे? दात आहे का, पडला आणि गिळला?"

पुली म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं लहान चाक, पट्टा त्याच्यावर बसतो. बाकी मोटर ठणठणीत आहे म्हणाला. जुना पट्टा तळाशी पडलेला सापडला, पार झिजलेला. त्याच मापाचा नवा त्याने लगेच दिला. पण पुली मिळणार नाही. ही मशीन काढणारी कंपनीच आता नाही. "दुसरी घडवून घ्याल तर नाकापेक्षा मोती जड. नवी घ्या." मी विचारलं, पुली सापडली तर? म्हणतो, "सापडली तर मी फुकट बसवून देतो." मी म्हटलं, "बसवायची मी. तुम्ही फक्त सांगा कुठल्या बाजूने."

आता खरं काम. पुली तुमच्याकडे आहे, वन्सं.

हे गेले त्या सकाळी मशीन उघडून बसले होते. संध्याकाळी तुम्ही आलात आणि आजूबाजूला पडलेलं सगळं गोळा करून, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत भरून घेऊन गेलात. भावाची पेटी, तुमचा हक्कच आहे. पण त्यात छापखान्यातला एक पुठ्ठा असेल. कुठलीही वस्तू उघडली की हे पुठ्ठ्यावर तिचं चित्र काढायचे आणि काढलेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या जागी खोचायचे. शेजारी आकडा नाही, नाव! हलता न हलणारा तो 'सासूबाई'. पुढे चमकत बसून काहीच काम न करणारा तो 'जावई'. हरवणारी बारकी ती 'धाकटी'. आणि ज्याच्यावाचून बाकी सगळं नुसतं गरगरत राहतं, तो 'ताई'. पुलीला दांड्यावर धरून ठेवतो तो स्क्रू ताईच असणार. मिक्सरच्या पंख्याचा ताई, शिवणयंत्राच्या चाकाचा ताई. हे तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं नसेल. तोंडावर कौतुक करायची तुम्हा दोघांनाही सवय नव्हती.

तो पुठ्ठा आणि ते चाक पाठवा. पेटी ठेवा तुमच्याकडे.

त्या दिवसाचं काय बोलायचं? मी भाजीला गेले होते, आले तर हे असं. झालं ते झालं.

लवकर पाठवा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भावजय

---

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ओळ एकच होती, पण चौदा महिन्यांनी तुमचं अक्षर दिसलं म्हणून मी ते दारातच उभी राहून वाचलं. "भाजीला दोन तास लागतात का, ते आधी सांग. मग पेटीचं बघू."

हेच तुम्ही त्या संध्याकाळी विचारलं होतंत, भरलेल्या घरात, सगळ्यांसमोर. मी म्हटलं होतं, "रांग होती." तुम्ही खुंटीकडे बघितलंत. पिशवी तिथे चपटी लटकत होती. मग खाली बसून पडलेलं सामान गोळा करू लागलात. तेव्हापासून तुम्हाला माहीत आहे की मी खोटं बोलले. काय खरं, ते मात्र माहीत नाही. तुम्ही काय काय समजला असाल याचा विचार करून करून मी दमले.

दोन वेळा हे पान टाकून उठले. मोटरवरची धूळ ब्रशने काढली, नळीतला साबणाचा खडा फोडला, परत येऊन बसले. सांगते.

आदल्या रात्री मशीनवरून आमचं वाजलं होतं. नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. मी म्हटलं, नवी घेऊ. हे म्हणाले, पट्टा सैल झालाय, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, "तुमची दहा मिनिटं मी बावीस वर्षं बघतेय. ह्या मशीनचं एकही हाड आता मूळचं नाही. टाका तिला." हे म्हणाले, "मग मलाही टाक, माझेही चार दात नवे आहेत." मी हसले नाही. हसू आलं होतं, पण हसले नाही.

सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन निघाले आणि भाजीला गेलेच नाही. बसथांब्यासमोरच्या मोठ्या दुकानात गेले. नवी मशीन बघायला. ह्यांना न सांगता.

तिथे पुढून काचेचं गोल दार असलेली मशीन होती. दुकानातल्या मुलीने आत पाणी सोडून एक लाल रुमाल आणि दोन टॉवेल टाकले आणि मला बसायला स्टूल दिलं. वन्सं, मी कधी कपडे धुतले जाताना बघितलेच नव्हते. मी धुतले तेव्हा हात चालत होते, आपल्या मशीनला झाकण. इथे सगळं समोर. तो लाल रुमाल वर यायचा, काचेला तोंड लावायचा, पुन्हा खाली जायचा. थोड्या वेळाने ती मुलगी म्हणाली, "काकू, झालं बघून? बंद करू?" मी म्हटलं, "राहू दे गं, पूर्ण होऊ दे." बेचाळीस मिनिटं मी त्या स्टुलावर बसले. मग तिने माहितीपत्रक दिलं, तेही तिथेच बसून वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मला खूप मजा वाटत होती. एवढंच सांगायचं होतं. खोटं बोलले ते दुकानात गेले म्हणून नाही. इकडे ह्यांचा जीव जात होता आणि तिकडे मी स्टुलावर बसून मजेत होते. हे भरल्या घरात कुठल्या तोंडाने सांगायचं?

परत आले तर हे मशीनला पाठ टेकवून बसलेले. हातात पाना. मला वाटलं दमलेत. मी आत येता येताच म्हटलं, "झाली का दहा मिनिटं?"

ते वाक्य मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आता तुमच्या भाच्याने मागवलेली मशीनही पुढून काचेच्या गोल दाराचीच आहे. ती मोरीत येऊन उभी राहिली तर मी तिच्यासमोर कशी वावरू? म्हणून जुनी चालू करायचीय. डोळ्यात पाणी आणून तिला कवटाळायचं वगैरे नाही, तसली मी नाही. पण त्यांनी उघडलेली वस्तू त्यांची चूक नसताना भंगारात जाऊ नये. आणि खरं सांगू, मला ती चालू झालेली बघायचीय. पुस्तकाची एकशे चाळीस पानं झाली. झोपेतही मी स्क्रू पिळते.

मेकॅनिक काल रस्त्यात भेटला. म्हणाला, "काय बाई, दात सापडला?" मी म्हटलं, कोणाच्या पोटात आहे ते कळलंय, आता बाहेर कधी येतो ते बघायचं. माफ करा.

शनिवारला अकरा दिवस आहेत. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर दिलं. पेटीचं तुम्ही ठरवा. नाही पाठवलीत तरी हे पत्र लिहिल्याचं मला वाईट वाटणार नाही.

तुमची भावजय

---

रविवार, २५ फेब्रुवारी

वन्सं,

चालली!! फिरली! आत्ता ह्या क्षणी चादरी आत फिरतायत, टेबल थरथरतंय म्हणून अक्षर असं. नमस्कार राहिला. नमस्कार.

ओळीने सांगते, नाहीतर माझं मलाच कळणार नाही. गुरुवारी दुपारी पेटी आली. अख्खी पेटी! मी फक्त पुठ्ठा मागितला होता. वर तुमचं पत्र होतं, पण आधी मी पुठ्ठाच उचलला. उगाच का खोटं बोलू? सगळे स्क्रू जागच्या जागी. तुम्ही त्या संध्याकाळी एकही उपसला नव्हतात. सासूबाई, दोन जावई, धाकटीच्या जागी नुसतं भोक (ती हरवणार होतीच). आणि मधोमध तारेत ओवलेली पुली आणि तिच्या पोटात ताई.

मग तुमचं पत्र वाचलं. तीनदा वाचलं. मग पेटी बंद केली, आणि गुरुवारचा उरलेला दिवस मी मशीनकडे फिरकले नाही.

तुम्ही लिहिलंत ते इथे पुन्हा लिहून काढते. तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या अक्षरात मला ते एकदा बघायचंय.

"त्या सकाळी त्याचा मला फोन आला होता. म्हणाला, ताई, ती मशीन बघायला गेलीय. मी विचारलं, तुला सांगून गेली? तर म्हणतो, छे, भाजीची पिशवी घेऊन गेलीय, पण चष्माही घेऊन गेलीय. भाजीला कधी चष्मा नेते का ती? आणि हसत सुटला. म्हणाला, ती यायच्या आत चालू करून ठेवतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पेपर वाचत बसतो. मी म्हटलं, मशीन जड आहे, कोणाला तरी हाताखाली बोलाव. म्हणाला, बोलावलं तर मजा जाईल. मग मीही हसले. म्हटलं, कर तर मग, तिचं तोंड कसं होतं ते मला संध्याकाळी फोन करून सांग. मी 'कर' म्हटलं गं. 'थांब' म्हटलं असतं तर माझं त्याने ऐकलं असतं. दोन तास कुठे होतीस हे माहीत असूनही तुला विचारत राहिले, कारण सगळ्यांचं बोट तुझ्याकडे राहिलं की माझं 'कर' मला सांगावं लागणार नव्हतं. ते न सांगता मला सुटायचं होतं. पेटी घे. माझ्याच्याने ती एकदाही उघडवली नाही."

आधी मी चिडले. ते तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही 'कर' म्हणालात म्हणून नाही. तुम्ही म्हणाला नसतात तरी त्यांनी केलंच असतं. लहान भावाने मोठ्या बहिणीचं ऐकल्याचं एक उदाहरण दाखवा. चिडले ते वेगळ्यासाठी. हे हसत होते! त्यांना माहीत होतं मी कुठे आहे, आणि ते हसत होते. मी रुसून, चोरून गेले असं मी समजत होते, आणि तिथे ह्यांचा खेळ चालला होता. चौदा महिने तुम्ही ते हसणं एकट्याने ठेवून घेतलंत, आणि मी इथे एका वाक्याला धरून बसले. शुक्रवारी पहाटेपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी कडकडून भांडले. तुम्हीही चांगली उत्तरं दिलीत.

मग उजाडलं आणि लक्षात आलं, उद्या शनिवार. पदर खोचला.

ताईला दांड्यावर बसवायला मला दीड तास लागला. दांड्याची एक बाजू चपटी असते, स्क्रूचं टोक बरोबर तिच्यावर यावं लागतं. नाहीतर पुली फिरते आणि दांडा जागेवर, किंवा उलटं. पुस्तकात एकच ओळ आहे, 'योग्य स्थितीत घट्ट बसवावा.' योग्य स्थिती म्हणजे मी मोरीत आडवी, गाल फरशीला, दातात टॉर्च. पट्टा चढवला. पत्रा लावला. धाकटीच्या जागी ह्यांच्या पेटीतल्या डबीतली दुसरी. पाणी भरलं, बटण फिरवलं.

आणि वन्सं, ती गुणगुणली आणि फिरली! आधी डावीकडे, थांबली, मग उजवीकडे. मी एवढ्या जोरात ओरडले की मला वाटलं त्यामुळेच मास्तर धावत वर आले. तर मास्तरांच्या हातात बादली.

"काकू, माझ्या घरात पाऊस पडतोय!"

पाणी जायच्या नळीला एक तारेची क्लिप लागते. पेटीत ती होती. मी तिला ह्यांच्या छत्रीचा तुकडा समजून बाजूला ठेवली होती. सगळं पाणी फरशीवरून मास्तरांच्या छतात. मी तशीच ओली, म्हटलं, "मास्तर, पण फिरली!" ते म्हणाले, "दिसतंय ते. माझे पेपर तपासून व्हायचे होते, तेही धुऊन झाले." मग बादली ठेवून माझ्याआधी तेच खाली वाकले आणि नळी धरून बसले. क्लिप बसली. दुसऱ्या वेळी थेंब नाही.

काल अकरा वाजता नवी मशीन घेऊन दोघं आले. मी मुद्दाम ब्लँकेट लावून ठेवलं होतं. एकाने आत डोकावून बघितलं. "काकू, ही तर चालू आहे. कागदावर बंद लिहिलंय."

"कागद जुना आहे," मी म्हटलं.

"जुनी दिली तरच नवी मिळेल हां. नाहीतर आम्ही परत नेणार. नंतर म्हणू नका."

"नाही म्हणणार."

तो मशीनभोवती एक चक्कर मारून आला. "कुणी केली ओ? आमच्याकडे पण अशा येतात, कोणी हात लावत नाही." मी म्हटलं, मी. त्याने दुसऱ्याकडे बघितलं. दोघांनी जिना उतरताना काय चेष्टा केली असेल ती करोत.

तुमच्या भाच्याचा फोन दहा मिनिटांत. "आई, परत पाठवलीस?!" मी फोन मशीनजवळ धरला. मग म्हणाला, "हाच तो आवाज. परीक्षेच्या वेळी मी ह्याला शिव्या घालायचो." मग म्हणाला, "किती दिवस चालेल?" मी म्हटलं, मोडेल तेव्हा मोडेल, आता मला उघडता येते. आणि जेव्हा खरंच जाईल तेव्हा तुझी ती काचेच्या दाराची आण, मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसेन. "स्टूल कशाला?" म्हणाला. तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं. दुकान, रुमाल, चष्मा, तुमचा फोन. माझं ते वाक्यही. तो रडला. मग नाक ओढत म्हणाला, "बाबांनी ओळखलं होतं म्हणजे!" आणि हसायला लागला.

रात्रभर मी एकच गोष्ट फिरवत होते. मी त्या स्टुलावर मजेत होते. आणि त्याच वेळी हे फरशीवर बसून, मला कसं चकवतो ह्या विचाराने मजेत होते. दोन ठिकाणी होतो, पण शेवटच्या तासाला दोघंही खुशीत होतो. हे मला तुमच्यामुळे कळलं. राग आहे अजून थोडा. तो ह्या खुशीच्या शेजारीच राहू दे, जागा आहे.

आता ऐका. चादरी निघाल्यात. सुकवायचा टब अजून धड फिरत नाही, त्याचा ब्रेक अडकलाय, पुस्तकाचं पुढचं प्रकरण तेच आहे. तोवर चादर हाताने पिळायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. मास्तर येतात, पण त्यांना पीळ उलटा घालायची सवय आहे. तुम्ही या. गुडघ्याचं निमित्त सांगू नका, जिना एकच आहे.

आणि आलात की आधी चहा नको, पाणी नको, 'मोरी दाखव' नको. बसायचं आणि तो फोन मला पहिल्यापासून सांगायचा. घंटी वाजली तेव्हा तुम्ही काय करत होतात, त्यांनी 'हॅलो' कसं म्हटलं, तिथपासून. हसले म्हणजे कसे, तोंड दाबून की मोकळे. कोणी आधी ठेवला. मधली पानं मिळालीत मला. सुरुवात आणि शेवट तुमच्याकडे आहे.

ऐकायला बसलेली,
तुमच्या भावाची बायको